गुरुवारी लाइट गेली, भाषांतर चालूच राहिलं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. भोसरी एमआयडीसीतला एक लहान कारखाना एका जर्मन कंपनीला सुटे भाग पुरवतो. तिथलं कागदपत्रांचं काम बघणाऱ्या ताईंना त्या कंपनीचं पुरवठादारांसाठीचं पोर्टल रोज उघडावं लागतं, आणि ते सगळं जर्मनमध्ये आहे. आजवर त्यांनी ब्राउझरमधलं ‘भाषांतर करा’ हे बटण दाबून काम भागवलं. मध्यंतरी ऑडिटला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, “गोपनीयतेचा करार केलाय ना तुम्ही? मग भाषांतरासाठी हा मजकूर जातो कुठे?” ताईंकडे उत्तर नव्हतं. नंतर कुणीतरी सांगितलं की फायरफॉक्स वापरा, त्यात भाषांतर आपल्याच संगणकात होतं. आता त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. हे खरं आहे का? ते भाषांतर कामापुरतं बरोबर असतं का? आणि त्यातूनच सुरक्षेच्या सूचना थेट मराठीत काढून शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात तिथे, लावता येतील का?

मी २५ वर्षं जर्मनमधून तांत्रिक भाषांतरं करतो आहे. जर्मन शिकलो फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि चाकण-भोसरीच्या मशिनांची मॅन्युअलं करता करता केस पिकले. माझी उत्तरं अनुक्रमे अशी: हो; बऱ्यापैकी, पण तक्ते आणि याद्या सोडून; आणि नाही, निदान थेट नाही.

नेहमीच्या बटणापासून सुरुवात करू. क्रोम किंवा एजमध्ये तुम्ही पानाचं भाषांतर मागता तेव्हा पानावरचा मजकूर त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथे त्याचं भाषांतर होतं आणि ते परत येऊन मूळ मजकुराच्या जागी बसतं. वाटेत तो कुलूपबंद असतो हे खरं, पण पोचल्यावर कुलूप उघडावंच लागतं. न वाचता भाषांतर कसं करणार? इथे तीन गैरसमज मी वारंवार ऐकतो. एक, “आमच्या पोर्टलला पासवर्ड आहे.” असेल, पण लॉगिन केल्यावर पान तुमच्या पडद्यावर उघडं पडलेलं असतं आणि ब्राउझर मजकूर तिथून उचलतो. पासवर्डची भिंत त्याच्या मागे राहिली. दोन, “मी इनकॉग्निटोमध्ये उघडते.” त्याने फक्त तुमच्या संगणकावर इतिहास राहत नाही, भाषांतराला मजकूर जायचा तो जातोच. तीन, “ऑफिसचं व्हीपीएन आहे.” व्हीपीएन रस्ता झाकतं, मुक्काम बदलत नाही.

याचा अर्थ त्या कंपन्या तुमचा मजकूर चोरतात असा मुळीच नाही. पण करारात ‘तिसऱ्या पक्षाला उघड करणार नाही’ असं वाक्य असेल, तर भाषांतराचा सर्व्हर हा तिसरा पक्षच आहे. ऑडिटवाल्या गृहस्थांचा मुद्दा एवढाच आणि तो रास्त आहे.

ही भीती पुस्तकी नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीने बातमी दिली, की ट्रान्सलेट डॉट कॉम या फुकट सेवेत भाषांतरासाठी टाकलेला मजकूर साध्या गूगल शोधात सापडतो आहे. स्टॅटॉइल या तेल कंपनीतली कागदपत्रं त्यात होती. कामावरून कमी केल्याची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा. कुणी फोडाफोडी केली नव्हती. चौकटीत मजकूर चिकटवून लोक पुढच्या कामाला लागले होते, इतकंच. ही बातमी वाचून मला घाम फुटला होता, कारण त्याच्या दोनच वर्षं आधी एका ग्राहकाचा अख्खा दरतक्ता मी अशाच एका फुकट चौकटीत टाकला होता. घाई होती, शुक्रवार संध्याकाळ होती. काही झालं नाही, पण काही झालं असतं तर मला ते कळलंही नसतं.

आता फायरफॉक्सचं. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या होरायझन २०२० या निधीतून बर्गामॉट नावाचा प्रकल्प सुरू झाला. एडिंबरा, प्रागचं चार्ल्स विद्यापीठ, शेफील्ड, एस्टोनियातलं तार्तू आणि फायरफॉक्सवाली मोझिला असे भागीदार. उद्देश एकच होता: पानाचं भाषांतर वापरणाऱ्याच्या संगणकातच व्हावं. २०२२ मध्ये ते ब्राउझरला वेगळी बसवायची जोडणी (अ‍ॅड-ऑन) म्हणून मिळू लागलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये, ११८ व्या आवृत्तीत, ब्राउझरच्या आतच आलं. पहिल्या मोजक्या भाषांमध्ये जर्मन होतीच, त्यामुळे तुमच्या कामासाठी ते बऱ्यापैकी मुरलेलं आहे. आत चालणाऱ्या इंजिनाचं नाव मरियान. एनिग्मा या जर्मन गुप्तलेखन यंत्राचं कोडं १९३२ मध्ये सोडवणारे पोलिश गणिती मरियान रेयेव्स्की यांच्यावरून ते ठेवलं आहे. जर्मनांची गुपितं फोडणाऱ्याच्या नावाचं इंजिन आज तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाची गुपितं सांभाळतंय, ही गंमत मला फार आवडते.

पण ताई, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, मोझिलाच्याही नको. तपासा. मला हे आपोआपच कळलं. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार सांगायला नको. दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जाते. अशाच एका गुरुवारी एका जर्मन संस्थेचं लांबलचक पान उघडून बसलो होतो. पंखा थांबला, राउटरचे हिरवे दिवे विझले, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. पान आधीच पूर्ण आलेलं होतं. सवयीने भाषांतराचं बटण दाबलं आणि मग लक्षात आलं, की नेट नाहीये. तरी वरचा परिच्छेद इंग्रजी झाला. खाली सरकवलं तसतसा पुढचा मजकूरही होत गेला. मी उगीच उठून राउटरपाशी जाऊन पाहून आलो.

तुम्ही हेच मुद्दाम करा. नेट चालू असताना फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये भाषांतराच्या भागात जाऊन जर्मनचं पॅक, म्हणजे त्या भाषेच्या भाषांतराची फाइल, उतरवून घ्या. मग पोर्टलचं एक पान उघडा, तळापर्यंत सरकवून ते पूर्ण आलंय याची खात्री करा. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट आपोआप जोडला जात नाहीये ना तेही बघा. आता बटण दाबा. भाषांतर झालं तर ते तुमच्या टेबलावरच झालं, दुसरी शक्यता नाही. हाच प्रयोग लगेच नेहमीच्या ब्राउझरवर करा. तिथे ते अडेल. हे दोन्ही ऑडिटवाल्यांच्या समोर करून दाखवलं तर आणखी उत्तम. दहा पानी धोरण वाचून दाखवण्यापेक्षा काढलेली केबल जास्त पटते.

फसवणूक होऊ शकते अशी एकच जागा आहे: पॅक आधी उतरवलं नसेल तर फायरफॉक्सचंही भाषांतर अडेल आणि तुम्हाला वाटेल की हेही बाहेरच जातंय. तसं नाही. ते मजकूर पाठवायला नव्हे, पॅक आणायला नेट मागत असतं. काही कारखान्यांत आयटीवाल्यांनी बाहेरच्या फायली उतरवण्यावर बंदी घातलेली असते, तिथे त्यांना एकदा परवानगी द्यायला सांगावं लागेल.

एवढं मोठं काम एवढ्याशा लॅपटॉपमध्ये कसं मावतं, असा प्रश्न मला पडला होता. म्हणून जरा खोलात गेलो. आधी विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रांवर एक भलंमोठं मॉडेल, म्हणजे नमुन्यांवरून भाषांतर शिकलेला प्रोग्राम, तयार करतात. त्याला शिक्षक म्हणतात. त्या शिक्षकाकडून कोट्यवधी वाक्यांची भाषांतरं करून घेतात आणि मग एका छोट्या मॉडेलला, म्हणजे विद्यार्थ्याला, ती शिक्षकाची उत्तरंच शिकवतात. मूळ ग्रंथांचा पसारा विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही, त्याला शिक्षकाची सुटसुटीत केलेली उत्तरं मिळतात. आपल्याकडे गाइड वाचून पास होतात, तसंच. मग त्या विद्यार्थ्याच्या डोक्यातले आकडे ३२ बिटांवरून ८ बिटांच्या पूर्णांकांवर आणतात, म्हणजे जागा चौथाई. शिवाय प्रत्येक वाक्यासाठी सगळा शब्दसंग्रह न धुंडाळता, संभाव्य शब्दांची छोटी यादी आधीच बाजूला काढून तेवढ्यातूनच निवड करतात. असं करत करत पॅक काही दशक एमबींत बसतं. घरच्या ग्रुपवर येणारे बारशाचे व्हिडिओ याहून जड असतात.

गाइड वाचून पास झालेल्याची ताकद आणि उणीव दोन्ही याच्यात आहेत. रोजची वाक्यं तो झटकन आणि सफाईने करतो. ‘नवीन मागणी शुक्रवारपर्यंत मंजूर करा’, ‘दर्जा अहवाल जोडलेला नाही’, ‘वितरणाची तारीख बदलली आहे’ अशा पोर्टलछाप मजकुरात मला क्वचितच चूक सापडते. एका ठिकाणी तर तो नवशिक्या माणसाहून बरा. जर्मनमध्ये ‘डार्फ निष्ट’ म्हणजे करू नये आणि ‘मुस निष्ट’ म्हणजे करायची गरज नाही. इंग्रजीच्या सवयीने पहिल्या वर्षाची निम्मी पोरं दुसऱ्याचाही अर्थ ‘करू नये’ असाच लावतात. यंत्र इथे सहसा अडखळत नाही.

अडखळतं ते सुट्या भागांच्या यादीत, आणि तुमचं पोट तर त्याच यादीवर आहे. हा भाग जरा निवांत वाचा.

जर्मनमध्ये ‘मुटर’ म्हणजे आई, आणि बोल्टवर बसतो तो नटही. ‘वेले’ म्हणजे लाट, आणि शाफ्टही. ‘लागर’ म्हणजे गोदाम, आणि बेअरिंगही. ‘फेडर’ म्हणजे पीस, आणि स्प्रिंगही. पूर्ण वाक्य असेल तर आजूबाजूच्या शब्दांवरून यंत्र बरोबर ओळखतं. ‘मुटर २५ न्यूटन-मीटरने आवळा’ असं लिहिलं असेल तर कुणी आईकडे जात नाही. पण यादीत प्रत्येक चौकटीत एकच शब्द असतो. हे इंजिन वाक्य एकेकटं घेतं. शेजारच्या चौकटीत काय आहे, पानाचं शीर्षक काय आहे, हे त्याच्या हिशेबात नसतं. त्याच्यापुढे नुसतं ‘मुटर’ येतं. आणि ज्या मजकुरावर ही मॉडेलं वाढलेली असतात त्यात आया नटांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मी एका पंपाच्या यादीत लागोपाठ ‘लाट – १ नग, गोदाम – २ नग, आई – ८ नग’ या अर्थाच्या इंग्रजी ओळी पाहिल्या आहेत. आठ आया हसून सोडता येतात. पण गोदाम हा शब्द साठ्याच्या पोर्टलवर शोभून दिसतो, म्हणून तो खटकत नाही, आणि बेअरिंगची मागणी नोंदवायची राहून जाते. खरी भीती अशा चुकांची आहे.

म्हणून याद्यांसाठी यंत्र वापरू नका. तुमच्या मालाचे जर्मन शब्द किती असतील? माझ्या अनुभवात एका कारखान्याचं काम ऐंशी-शंभर शब्दांत संपतं. एका एक्सेलमध्ये जर्मन, इंग्रजी आणि भागाचा क्रमांक अशी तीन रकान्यांची यादी एकदा करून ठेवा. भागाचा क्रमांक हीच खरी भाषा, ती भाषांतरावर अवलंबून नाही.

आकड्यांबद्दल एकच सांगतो. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात. ‘०,०५’ म्हणजे पाच शतांश मिलिमीटर आणि ‘१.२५०’ म्हणजे साडेबाराशे नग, सव्वा नव्हे. भाषांतरात हे कधी तसंच राहतं, कधी बदलतं, आणि एकाच पानावर दोन्ही प्रकार दिसू शकतात. आकडा नेहमी मूळ पानावरून उचला. ‘मूळ दाखवा’चं बटण तिथेच असतं. ठळक अक्षरांचंही तसंच: यंत्र आधी वाक्य भाषांतरित करतं आणि मग कुठला शब्द कुठे गेला याचा अंदाज घेऊन ठळकपणा, दुवे वगैरे परत चिकटवतं. इशाऱ्याच्या वाक्यात लाल ठळक रंग भलत्याच शब्दावर बसलेला दिसला तर दचकू नका.

आता मराठी. फायरफॉक्सच्या पहिल्या यादीत युरोपीय भाषा आल्या, कारण पैसा युरोपाचा होता आणि दोन्हीकडून जुळवलेली वाक्यं युरोपीय भाषांकडे ढिगाने आहेत. यादी वाढत असते. तुमच्या आवृत्तीत काय आहे ते सेटिंग्जमध्ये दिसेल. पण यादीत मराठी असली तरी माझं उत्तर बदलत नाही. कारण असं, की जर्मनमधून मराठीत जायचं तर हे यंत्र सरळ जात नाही. आधी जर्मनचं इंग्रजी करतं आणि मग इंग्रजीचं मराठी. स्वारगेटहून शिवाजीनगरला जायला हडपसरमार्गे, असा प्रकार.

या वळशात नुसता वेळ जात नाही, तर मुळात नसलेला गोंधळ तयार होतो. एक वाक्य जवळून बघू. जर्मन सूचना आहे: ‘गेविंडं फोर डेर मोंटाझं राइनिगेन.’ ‘गेविंडं’ म्हणजे बोल्टचे आटे. तांत्रिक जर्मनमध्ये या शब्दाला दुसरा अर्थ नाही. मुटरसारखी दुपदरी भानगड इथे नाही. पहिल्या टप्प्यावर इंग्रजीत ते ‘थ्रेड’ होतं, तेही बिनचूक. पण इंग्रजीत थ्रेड म्हणजे दोराही. आता दुसऱ्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यासमोर जर्मन शब्द नाहीच, फक्त इंग्रजी आहे. तो लिहितो: ‘जोडणीपूर्वी धागा स्वच्छ करा.’ दोन्ही टप्प्यांवर कुणीच गंभीर चूक केली नाही आणि तरी शॉपमधला माणूस विचारणार, “साहेब, कुठला धागा? कॉटन वेस्टचा का?” आणि त्याची शंका बरोबर आहे, कारण साफसफाईला हातात कॉटन वेस्टच असतं. त्याला हवं होतं ते इतकंच: ‘बसवण्याआधी आटे साफ करा.’

तसंच स्प्रिंगचं. जर्मन ‘फेडर’ची इंग्रजीत स्प्रिंग झाली, म्हणजे पहिली परीक्षा पास. पुढे मराठीत वसंत ऋतू. नटाचं तर विचारूच नका, तो सुक्यामेव्यात जातो.

आणि संबोधन. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ असा फरक आहे, आपल्या तुम्ही आणि तू सारखा. मध्ये इंग्रजी ‘यू’ आलं की तो पुसला जातो आणि मराठीच्या वाट्याला अंदाज उरतो. एकाच पानावर वरच्या ओळीत ‘आपण हेल्मेट परिधान करावे’ आणि खालच्या ओळीत ‘तू बटण दाब’ असं मी पाहिलंय. शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या मिस्त्रींना भिंतीवरचा कागद ‘तू’ म्हणाला, तर ते वाचणार नाहीत.

मराठीची स्वतःची अडचण वेगळीच. आपण शब्दाला शेपट्या जोडत जातो: टेबलाखालच्यांनासुद्धा. इंग्रजीत ज्याला चार-पाच शब्द लागतात ते आपण एकात कोंबतो, आणि जोडताना मूळ शब्दाचं रूपही बदलतं. यंत्र अशा शब्दाचे तुकडे करून शिकतं. तुकडे बरोबर जुळायला भरपूर नमुने लागतात आणि इंग्रजी-मराठी जोड्या जर्मनच्या तुलनेत फारच थोड्या आहेत. यावर आपल्याकडे चांगलं काम झालंय. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने २०२३ मध्ये इंडिकट्रान्स२ हे मॉडेल खुलं केलं. ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांसाठी आहे, मराठी अर्थातच त्यात आहे, आणि त्याची छोटी केलेली रूपंही मिळतात. एकदा उतरवून घेतलं की तेही नेटशिवाय आपल्या संगणकावर चालतं. मात्र ते ब्राउझरमधलं बटण नाही, बसवायला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येणारं कुणीतरी लागतं. पुण्यात तसं पोरगं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. तसं बघितलं तर संगणकी भाषांतराचं बीज पुण्याला नवं नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने इंग्रजीतल्या सरकारी कागदांचं हिंदी करणारं ‘मंत्र’ इथेच बनवलं होतं. त्या काळी वाक्याच्या व्याकरणाची झाडं हाताने बांधावी लागत.

बसवायचा खटाटोप नको असेल तर फोनवर गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचं ऑफलाइन पॅक मिळतं. ते उतरवा, पण वापरताना विमान मोड लावा. पॅक फोनमध्ये आहे म्हणजे अ‍ॅप तेच वापरेल असं गृहीत धरू नका.

माझा सल्ला असा. जर्मनचं इंग्रजी फायरफॉक्समध्ये करा, संगणकाबाहेर काही न जाऊ देता. त्या इंग्रजीचा मराठी मसुदा हवा तर यंत्राकडून घ्या, पण तो मसुदाच. मग तो कागद घेऊन शॉपमधल्या सगळ्यात जुन्या मिस्त्रींसमोर बसा आणि मोठ्याने वाचा. ते जिथे थांबवतील तिथे त्यांचा शब्द लिहा: आटे, पाना, वायसर, आवळणे. परिभाषा कोशात असो वा नसो. सूचना सुरक्षेची असेल तर शेवटी एकदा जर्मन येणाऱ्या माणसाकडून मूळ वाक्याशी ताडून घ्या. पंधरा-वीस वाक्यांना अर्धा तास लागतो. माझ्या धंद्याची जाहिरात करतोय असं वाटेल, पण जर्मन शिकणाऱ्या मुलांची या शहरात कमतरता नाही, तुमच्याच ऑफिसात कुणाची तरी मुलगी जर्मनची बी-वन ही मधली पातळी झालेली असेल.

एक आडवळण, कारण हा फोन मला महिन्यातून एकदा येतोच. “आमचं जुनं मराठी पान आहे, ब्राउझर म्हणतो भाषाच ओळखता येत नाही.” तुमच्या जुन्या कार्यसूचनांचंही हेच होईल. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधी आपण श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांत टंकायचो (श्री-लिपी तर पुण्याचीच). त्यातल्या बऱ्याच मजकुरात दिसायला मराठी असली तरी फायलीच्या पोटात रोमन अक्षरांचा कचरा असतो, त्यावर मराठीचा मुखवटा. यंत्राला मुखवटा दिसत नाही. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि तोही कृपा करून नेटवरच्या कुठल्यातरी फुकट पानावर चिकटवून नको. नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी केला?

यावरून गळतीच्या राहिलेल्या जागा. संगणकात भाषांतर होत असलं तरी पॅक उतरवताना मोझिलाच्या सर्व्हरला तुम्ही कोणती भाषा मागितली हे कळतं. मजकूर कळत नाही. यात मला तरी गैर दिसत नाही. खरी गळती आजूबाजूला असते. कुणीतरी कधीतरी बसवलेलं, सगळी पानं वाचायची परवानगी घेतलेलं भाषांतराचं किंवा व्याकरणाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ ‘वर्डमध्ये बदला’ म्हणून भलत्या साइटवर चढवणं. माझ्या मते छोट्या ऑफिसांतली सगळ्यात मोठी गळती हीच आणि तिच्याबद्दल ऑडिटवाले क्वचितच विचारतात. आणि फोनने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर “हे काय लिहिलंय बघ रे” म्हणून भाच्याला पाठवणं. या फोटोंचा मी आजवर किती वेळा भाचा झालोय, सांगत नाही.

चित्रातला मजकूर मात्र हे बटण करत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली चौकट ही बहुतेकदा चित्रच असते, ती जर्मनच राहील. पानावरचं एखादंच वाक्य हवं असेल तर ते निवडून उजवं बटण दाबा. जुलै २०२४ मध्ये आलेल्या १२८ व्या आवृत्तीपासून निवडलेल्या मजकुराचंही भाषांतर मिळतं आणि तेही संगणकातच होतं. लॅपटॉप जुना असेल तर पहिल्या पानाला पंखा घरघरेल. घरघरू द्या, काम तोच करतोय.

ऑडिटला उत्तर काय लिहायचं ते विचारलं नाहीत, पण लागेल. मी असं लिहीन: ‘पोर्टलवरील मजकुराचे भाषांतर फायरफॉक्समधील अंतर्गत सुविधेने, संगणकातच केले जाते, अमुक तारखेला नेट बंद ठेवून याची चाचणी घेतली. पोर्टल वापरणाऱ्या संगणकांवरील इतर ब्राउझरमधील भाषांतर बंद केले असून भाषांतराची एक्स्टेन्शने काढली आहेत. सुट्या भागांच्या याद्या, मापे व सुरक्षा सूचना यांसाठी यंत्राचे भाषांतर अंतिम मानले जात नाही.’ खाली चाचणी घेणाऱ्याची सही. दुसरं वाक्य लिहिण्याआधी मात्र प्रत्येक टेबलावर जाऊन खरोखर बघा. आमच्याकडे एका ठिकाणी सगळं चोख होतं आणि स्टोअरच्या संगणकावर तीन एक्स्टेन्शनं निघाली होती, त्यातलं एक कुणाच्यातरी मुलाने दिवाळीच्या सुट्टीत टाकलेलं.